स्पीकरखालचं टेबल

दामू, परवा आपल्या गाळ्यातला स्पीकर बंद केला होता. तुझ्यासाठी. एक मिनिट.

तू असतास तर घड्याळ बघून म्हणाला असतास, "पाऊणच झालं, किशा." खरंच पाऊणच झालं. मॅडम हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय. शोधशोध शोधला तर तुझा एकच फोटो निघाला, वाढदिवसाला केक कापतानाचा, डोक्यावर ती चकचकीत कागदी टोपी. टोपी वरून कापलीय, पण हनुवटीखालचं इलॅस्टिक तसंच राहिलंय. त्या फोटोखाली सगळ्यांनी हात जोडलेत. मीही जोडले.

मी लिहिणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. मी बोलणारा. खाडीकडची माणसं आम्ही, शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडून बोलायची सवय, ती आता एव्हरशाईन कॉम्प्लेक्सच्या फ्लॅटमध्येही जात नाही. तू गिरीज गावचा, वाडीतला, केळीच्या सावलीत वाढलेला. मी बोलायचो आणि तू ऐकायचास, अशी आपली वीस वर्षं गेली. आता समोर कोणी ऐकत नाही म्हणून कागद घेतलाय. बायकोला वाटतंय मी ऑफिसचं काम करतोय.

तू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मुलीनं विचारलं, "पप्पा, दामूकाका नेमकं काय काम करायचे?" बघ, तू वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खाऊन मोठी झालेली पोरगी, आणि तिला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं, आमच्याकडे लोखंड घासायची चाकं बनतात, दगडासारखी. भट्टीतून भाजून निघाली की प्रत्येक चाक दामूकाका दांडीवर लटकवायचे, लाकडी हातोडीनं हलका ठोका द्यायचे आणि ऐकायचे. चाक चांगलं असेल तर खणखणीत वाजतं. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर बद्द वाजतं, आजी मडकं वाजवून बघायची तसं. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. असं चाक मशीनवर चढून जोरात फिरलं की फुटतं आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर येतं.

ती म्हणाली, "म्हणजे ऐकणं हाच जॉब?"

मी म्हटलं, "हो. आणि त्याच्यासारखं ऐकणारा मी दुसरा बघितला नाही."

त्या दिवशी मला ते सगळं आठवलं, जे आपण दोघांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. मी नवीन होतो. ट्रॉली ढकलताना माझ्या हातून चाकांची थप्पी कलंडली. एक चाक खाली आपटलं. वरून काही दिसत नव्हतं. शेठचा आवाज आठव, अख्खी इंडस्ट्रियल इस्टेट ऐकायची. मी घाबरलो आणि ते चाक गुपचूप थप्पीत सरकवून दिलं. दुपारी तू डबा घेऊन माझ्याशेजारी बसलास, ते चाक तुझ्या मांडीवर होतं. म्हणालास, "हे तुझं आहे." बस, एवढंच. शेठला सांगितलं नाहीस, मला ओरडला नाहीस. मग डबा उघडून केळफुलाची भाजी अर्धी माझ्या झाकणात काढलीस आणि थोड्या वेळानं म्हणालास, "ते ज्याच्या मशीनवर गेलं असतं ना, तोही डबा खात असेल आत्ता." मला ती भाजी गिळवेना. त्या माणसाचं तोंड वाचवलंस, आणि माझी नोकरीही. त्याबद्दल मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत. आज मानतो. काय उपयोग!

शेठच्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. तूही कधी गायला नाहीस. पंखा एकच, तोही शेठच्या केबिनमध्ये. बायकांना धड बाथरूम नव्हतं. शिव्या तर रोजच्याच. पण शेठला एक गोष्ट समजत होती. तुझ्या हातात हातोडी असली की तो माणूस तुझ्या टेबलाजवळून चप्पल न वाजवता जायचा. हात पाठीमागे बांधून, देवळातून चालल्यासारखा. बाकी सगळ्यांवर खेकसणारा शेठ तुझ्यासमोर कुजबुजायचा. आणि तू, घुम्या, मनापासून खूश असायचास. तुझं ते खूश असणं कोणाला दिसायचं नाही, मला दिसायचं. चाक सुरेख वाजलं की तू उगाच एक ठोका जास्तीचा द्यायचास.

मग शेठ थकले, मुलानं गाळा मोठ्या कंपनीला विकला. कंपनीनं पंखे लावले, बाथरूम बांधली, थंड पाण्याचं मशीन आणलं, सगळ्यांचा विमा काढला. मी खूश, सगळेच खूश. आणि मॅनेजर म्हणून मॅडम आल्या. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि फळ्यावर आपल्या नावासमोर चेहऱ्याचा स्टिकर लावायचा. हसरा, जास्त हसरा, किंवा सरळ तोंडाचा. तू रोज सरळ तोंडाचा लावायचास.

"दामोदरजी, आज पण सरळ?"

"बरं आहे मॅडम."

"बरं म्हणजे हॅप्पी ना?"

"बरं म्हणजे बरं."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या नावासमोर हसरा स्टिकर लावून टाकला आणि तू तो नखानं खरवडून काढलास. अरे, काय बिघडत होतं राहू दिला असतास तर!

आणि मग तो स्पीकर. पॉझिटिव्ह वातावरण पाहिजे म्हणून. प्लग पॉइंट तुझ्या टेबलावरच्या भिंतीत होता, म्हणून तो तिथेच लागला, तुझ्या डोक्यावर बरोबर. इतकं साधं कारण. कोणी तुझ्यावर डाव धरला नव्हता दामू, सगळ्यांना वायर वाचवायची होती.

पहिल्या दिवशी तू हातोडी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे आलास. "किशा, ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "उद्या बोलतो मॅडमशी."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या बोलतो. आठवड्यानं म्हटलं, उद्या नक्की.

खरं सांगू? मला स्पीकर आवडत होता. पॅकिंगमधल्या संगीताला तर फार. तिचं पॅकिंग दीडपट होऊ लागलं होतं. मी तिला एकदा चाचपून बघितलं, "आवाज जरा कमी करायचा का गं?" तर म्हणाली, "नको रं भाऊ, गानी नसली की दिस सरत नाय माझा. घरी तरी कोन गानी लावतंय?" तिचंही खोटं नव्हतं. तिचा नवरा कसा आहे ते तुला माहीत होतं. त्या गाण्यांवर ती फुलली आणि तू त्याच गाण्यांखाली वाळत गेलास. एकाच छताखाली, एकाच वेळी. यात कोणाला बरोबर म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

तू काय केलंस, तर ज्या चाकाचं तुला धड ऐकू आलं नाही त्याच्यावर पासचा शिक्काच मारला नाहीस. बाजूला थप्पी लावलीस आणि वरच्या चाकावर खडूनं लिहिलंस, 'ऐकायचे आहेत.' थप्पी वाढत गेली. एकीच्या चार झाल्या, चारांच्या दहा. मग तू एकेक चाक उचलून मागच्या कंपाउंडला न्यायला लागलास, टाकीच्या आडोशाला, आणि तिथे उभा राहून वाजवायचास. कॅमेऱ्यात दिसायचं, दामोदर राऊत टेबलावर नाहीत. फळ्यावर तुझ्या नावापुढचा कामाच्या आकड्याचा पट्टा लाल झाला. वीस वर्षं एक खराब चाक बाहेर न सोडलेला माणूस, आणि लाल पट्टा.

आपलं भांडण त्याच कंपाउंडात झालं. मी चिडून आलो होतो. म्हटलं, "जरा जुळवून घे ना लेका! सगळे घेतात. कामाच्या जागी थोडं नाटक करावं लागतं. टाळी वाजव, हस, स्टिकर लाव, काय जातं तुझं?"

तू म्हणालास, "तुला जमतं."

"तुला का नाही जमत?"

तू चाक खाली ठेवलंस. मग म्हणालास, "सकाळी ते टाळ्यांचं झालं की माझ्या कानात दुपारपर्यंत तेच राहतं. मी खोटं हसलो ना किशा, की मला चाकसुद्धा खोटं वाजल्यासारखं वाटतं."

मला ते कळलं नाही. मी म्हटलं, "तू फार लाडावलेला आहेस. शेठनं लाडावून ठेवलंय तुला." तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तू चाक उचललंस आणि पुन्हा वाजवायला लागलास. ते भांडण तिथेच राहिलं. आता ते मीच दोन्ही बाजूंनी भांडतो, आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

आता जे सांगायचं म्हणून बसलोय ते सांगतो. हे सोडून बाकी सगळं लिहून झालं.

प्रत्येकाच्या कामाबद्दल वर्षाचे फॉर्म भरायचे होते. सुपरवायझर म्हणून तुझा फॉर्म माझ्याकडे. मी घरून ठरवून गेलो होतो. शपथेवर सांगतो, बायकोसमोर म्हणूनसुद्धा बघितलं होतं, की मॅडम, दामूला शांत जागा द्या, मागची स्टोअरची खोली द्या, एक दार आणि एक दिवा, बाकी काही नको. मॅडमच्या केबिनमध्ये बसलो. त्यांनी कॉफी दिली. माझं फार कौतुक केलं, म्हणाल्या, किशोरजी, तुम्ही तर टीमची जान आहात. आणि मी, तोंडाचा गोड, तिथेच विरघळलो. तरी सुरुवात केली. म्हटलं, "मॅडम, दामू जरा शांत स्वभावाचा आहे. त्याला एकट्याला काम करायला बरं पडतं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे टीममध्ये मिसळत नाहीत?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की मॅडम, तुम्ही उलटं समजताय, त्याच्या कामाचा आणि मिसळण्याचा काही संबंध नाही, तुमच्यासाठी काय, अख्ख्या कारखान्यासाठी तो एकटा ऐकतो. सगळं तोंडाशी होतं. पण त्या हसत होत्या, कॉफी गरम होती, आणि मला कोणाचा हिरमोड करता येत नाही.

"तसंच समजा मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. मी खाली सही केली.

त्यांना वाटलं तुला माणसांत आणलं की तू खुलशील. त्या चांगल्याच हेतूनं म्हणाल्या, व्यक्तिमत्त्व विकास होईल. तुला डिस्पॅचच्या काउंटरवर बसवलं. ड्रायव्हर लोकांशी हुज्जत, गिऱ्हाइकांना फोन, आणि प्रत्येक फोनला ते ठरलेलं वाक्य, "नमस्कार, आपला दिवस आनंदात जावो." तुझा आवाज फोनवर असा यायचा की गिऱ्हाईक विचारायचं, कोणी गेलंय का तुमच्याकडे? आम्ही त्यावरही हसलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू मला गाठलंस. "किशा, मी मिसळत नाही असं मॅडमना कोणी सांगितलं?"

तू मला पारखत नव्हतास. तुला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काय माहीत. वरूनच आलं असेल."

तू मान हलवलीस. वीस वर्षं चिरा ऐकणारा माणूस, माझ्या आवाजातली तुला कशी ऐकू आली नाही? की आली, आणि तू तेही चाक गुपचूप मांडीवर घेऊन बसलास? या एका गोष्टीनं माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. आली असेल तर तू मला 'हे तुझं आहे' का म्हणाला नाहीस?

तेराव्याला मी गिरीजला आलो होतो. वाडीत तुझी खुर्ची होती, विहिरीच्या बाजूला. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून ते इतकी वर्षं टिकले तिथे. घरी एकाच माणसाचं नाव निघायचं, किशाचं." मग त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून कमी बोलायचे. पण ऐकायचे हो. माझं, सासूबाईंचं, पोरांचं, कोण नारळ पाडत असेल तर पडल्याच्या आवाजावरूनच सांगायचे कुठला भरलेला आहे. या शेवटच्या सहा महिन्यांत ऐकायचंही बंद झालं. हाक मारली तरी समोरच बघत बसायचे."

डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. मी डॉक्टर नाही. तुझं वय, तुमच्या घरातला तो आजार, तुझ्या वडिलांचंही तसंच झालं होतं, हे सगळं मी रोज स्वतःला सांगतो. पटवायची कला आहे ना माझ्याकडे. फक्त मलाच पटत नाही.

निघताना वहिनींनी एक पुडकं हातात दिलं. सुकेळी, केळीच्या बुंध्याच्या वाळलेल्या सोपात बांधलेली, सुंभाची गाठ तुझ्या हातची. "तुमच्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवली होती त्यांनी." तिथे सांगायला हवं होतं. वहिनी, ते मी केलं, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "येतो वहिनी. काही लागलं तर कळवा." पुडकं फ्रिजवर आहे. मुलगी दोनदा विचारून गेली. मी उघडू दिलं नाही.

तुझ्या जागी आता मीच आहे. प्रॉडक्शन सांभाळून टेस्टिंगही, माणूस मिळेपर्यंत. तुझ्या थप्प्या कधीच संपवल्या आम्ही. खडू पुसला, शिक्के मारले, एका आठवड्यात. पट्टा हिरवा झाला आणि मॅडमनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. गाणं चालू असताना मी ठोका देतो, कान पुढे करतो, मान हलवतो. बघणाऱ्याला वाटावं, ऐकतोय. खरंतर मला काहीही ऐकू येत नाही दामू. आणि स्पीकर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण मग मीही न मिसळणारा ठरेन. तुझं काय झालं ते मी बघितलंय.

परवाचं सांगतो, तेराव्यानंतरचं. मॅडमनी तुझ्यासाठी स्पीकर बंद केला तेव्हा मी तुझ्याच टेबलापाशी उभा होतो. दांडीवर एक मोठं चाक लटकत होतं. गाणं चालू असताना मी त्याला ठोका दिला होता आणि काहीतरी वेगळं वाटलं होतं. वाटलं, भास असेल. तेवढ्यात सगळं गप्प झालं. भट्टीचा पंखासुद्धा कोणीतरी बंद केला. कंपाउंडच्या बाहेर एक रिक्षा वळली, तीही ऐकू आली. इतकं शांत मी तो गाळा शेठच्या काळातही ऐकला नव्हता. हातोडी माझ्या हातात होती. चाक समोर होतं. एक ठोका दिला असता तर कळलं असतं. तू दिला असतास. स्वतःच्या श्रद्धांजलीतही तू ठोका दिला असतास.

पण सगळे माना खाली घालून उभे होते. मॅडम माझ्याकडे तोंड करून होत्या, कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. मला वाटलं, काय म्हणतील. मी हातोडी पँटच्या मागे लपवली आणि डोळे मिटून घेतले.

मग गाणं सुरू झालं. मी चाक उतरवलं आणि शिक्का मारला.

काल ते गेलं. कुठल्या गिऱ्हाइकाकडे गेलं ते डिस्पॅचच्या रजिस्टरला असणार, तुझ्याच काउंटरवर. एक फोन केला की परत मागवता येईल. तिथे जो कोणी मशीनवर उभा राहत असेल, तोही डबा खाणारा माणूस आहे, हे मला तू शिकवलंयस, मी विसरलेलो नाही. मॅडमना कारण काय सांगायचं तेवढं ठरवतोय.

उद्या करतो फोन, दामू. उद्या नक्की.